साठीनंतरची मैत्री आणि आपलं आपण जगणं: सुरुवात कशी करायची

नोकरी संपते, मुलं आपापल्या संसाराला लागतात, कधी जोडीदार जातो, कधी जिना झेपेनासा झाला म्हणून राहतं घर बदलावं लागतं. यातलं एक जरी घडलं तरी दिवसाची घडी विस्कटते. आजवर माणसं आपोआप भेटत होती. कामावर, मुलांच्या शाळेच्या दारात, जोडीदाराच्या ओळखीतून. आता भेटायचं तर ठरवून भेटावं लागतं. असं ठरवून माणसं जोडायची वेळ ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मला जे मनापासून सांगायचं आहे ते आधीच सांगतो. 'मला कुणाची गरज लागत नाही' याला पुष्कळ जण स्वावलंबन समजतात. मला ते पटत नाही. ज्याची औषधं, बँक, प्रवास, गप्पा, सगळं एका मुलावर किंवा एका सुनेवर टाकलेलं आहे, तो त्या एका माणसाच्या सवडीवर जगतो. ज्याला दहा माणसांची थोडी थोडी साथ आहे आणि जो स्वतःही त्या दहांच्या उपयोगी पडतो, त्याला आपल्या मनासारखं जगता येतं. म्हणून मैत्री जोडणं आणि आपलं आपण राहणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत, आणि खालच्या पायऱ्या त्याच समजुतीने लिहिल्या आहेत.

हा केवळ मन रमवण्याचा प्रश्न नाही. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती होती. ज्यांचे माणसांशी संबंध भक्कम होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात साधारण सहांतल्या एका माणसाला एकाकीपणा जाणवतो, आणि त्यात तरुणही खूप आहेत. तेव्हा एकटं वाटतं म्हणजे आपल्यातच काही खोट आहे असं मानू नका.

पहिली पायरी: कागद घेऊन बसा

आज आपल्याभोवती कोण आहे ते लिहून काढा. नुसतं मनात मोजलं तर आकडा फसवतो. वाईट दिवशी कुणीच आठवत नाही आणि चांगल्या दिवशी लग्नकार्यात भेटणारे शंभर जणही आपले वाटतात. कागदावर चार प्रश्न लिहा आणि प्रत्येकाखाली नावं टाका.

१. गेल्या महिन्याभरात मी कुणाकुणाशी काम सोडून बोललो?
२. मध्यरात्री दुखायला लागलं तर घरच्यांखेरीज कुणाला फोन करता येईल?
३. कुणाबरोबर असताना मी मनमोकळा हसतो?
४. मी दोन दिवस दिसलो नाही तर कुणाच्या लक्षात येईल?

चौथ्या प्रश्नाखालची जागा कोरी राहिली तर आधी तिथे लक्ष द्या. त्याची सोय कशी करायची ते पुढे येईलच.

यादी लहान निघाली म्हणून घाबरायचं कारण नाही. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसेन यांनी बरीच वर्षं या विषयावर काम केलं आहे. वय वाढतं तशी माणसं आपला गोतावळा आपणहून आटोपशीर करतात, कामापुरत्या ओळखी सोडून देतात आणि जिवाभावाच्या चार माणसांना जास्त वेळ देतात, असं त्यांना दिसलं. एकट्याने राहून सुखी असणारे लोक आहेत आणि भरल्या घरात एकाकी असणारेही आहेत. तुम्हाला किती माणसं हवीत याचा आकडा बाहेरून कुणी ठरवून देऊ शकत नाही. मात्र प्रत्येक प्रश्नाखाली एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या नावावर भार जास्त पडतो आहे.

एक सावधगिरी इथेच सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते वयाच्या माथी मारू नका. आधी डॉक्टरांना भेटा. नैराश्यावर कुठल्याही वयात उपचार होतात. नैराश्य अंगावर काढत माणसं जोडायला निघालं की दोन्हीकडे हात टेकावे लागतात.

दुसरी पायरी: जुन्यांना हाक द्या

नवे मित्र शोधण्याआधी जुनी मैत्री उकरून पाहा. तिथे निम्मं काम आधीच झालेलं असतं. तुम्ही कोण, कुठले, कसे हसता, कशावर चिडता, हे समोरच्याला ठाऊक असतं.

अडतं ते एकाच ठिकाणी. 'इतक्या वर्षांनी फोन केला तर त्याला काय वाटेल?' याचं उत्तर संशोधक पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या अभ्यासात सापडतं. आपण आठवण काढली, दोन ओळी पाठवल्या, तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज लोक नेहमी कमीच बांधतात. आणि संपर्क जितका अनपेक्षित, तितका आनंद जास्त. म्हणजे ज्या दीर्घ खंडामुळे आपण संकोचतो, तोच खंड आपल्या बाजूने असतो.

तरी पहिला फोन जड जातोच. म्हणून आधी एक छोटा निरोप पाठवा. नुसतं 'कसा आहेस?' पाठवू नका. त्याला काय उत्तर द्यायचं हे समोरच्याला सुचत नाही. एखादी नेमकी आठवण घाला आणि एक सोपा प्रश्न विचारा. 'आज जुने फोटो काढून बसलो होतो. सहलीतला तुझा तो मोडक्या छत्रीचा फोटो सापडला. या आठवड्यात संध्याकाळी कधी फोन करू?' एवढं पुरे. उत्तर आलं की ठरल्या वेळी फोन करा.

फोनवर 'तू तर विसरलासच' ही सुरुवात टाळा. प्रेमाने म्हटलेलं असलं तरी समोरचा लगेच कारणं देत बसतो. दुखण्यांच्या गप्पा होणारच, त्या होऊ द्या, पण सगळा फोन त्यांनी भरू नये. फोन ठेवण्याआधी पुढचा वार ठरवून टाका. 'कधीतरी बोलू' म्हटलेली बोलणी पुन्हा होत नाहीत.

एक शक्यता मनाशी धरून ठेवा. फोन त्याच्या पत्नीने किंवा मुलाने उचलला आणि तो गेल्याचं सांगितलं, असं होऊ शकतं. अशा वेळी फोन घाईने ठेवू नका. त्याच्याबद्दलची एखादी आठवण सांगा. घरच्यांना ठाऊक नसलेली त्याची एखादी जुनी गोष्ट तुमच्यापाशी असते, आणि ती त्यांना हवी असते.

तिसरी पायरी: तीच जागा, तीच वेळ, तीच माणसं

नवी मैत्री गप्पांच्या हातोटीने जमते असा समज आहे. खरं तर ती वारंवार भेटण्याने जमते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५० साली एका विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे मैत्री कुणाची झाली? मुख्यतः शेजारच्या दारातल्यांची. आणि ज्यांचं दार जिन्यापाशी होतं, त्यांची ओळख वरच्या मजल्यावरच्यांशीही जास्त होती, कारण येता-जाता गाठ पडायची. स्वभाव जुळणं पुढची गोष्ट, आधी रस्ते एकमेकांना छेदावे लागतात.

वेळ किती लागतो याचाही अंदाज आहे. संशोधक जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांना आणि कॉलेजात नव्याने आलेल्या मुलांना विचारून काही आकडे काढले. ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणावं इतकं जवळ यायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. आता हिशेब करा. आठवड्याला दोन तास भेटत असाल तर ५० तासांना जवळजवळ सहा महिने लागतात. म्हणून दोनदा जाऊन 'तिथे काही आपलं जमत नाही' असा निकाल देणं फार घाईचं आहे. मी तर म्हणेन, कुठलाही गट निवडलात तर सहा महिने पाय रोवून राहा, मग ठरवा.

कुठे जायचं? वाचनालय, गायनाचा वर्ग, बागकाम, योगवर्ग, पत्ते, बुद्धिबळ, भाषा शिकणं, शाळकरी मुलांना शिकवणं, काहीही चालेल. निवडताना मी या गोष्टी बघेन: दर आठवड्याला भरतं का, माणसं तीच असतात का, घरापासून स्वतःच्या पायांनी किंवा सहज मिळणाऱ्या वाहनाने जाता येतं का, आणि हाताला काही काम असतं का. एकदाच होणारी व्याख्यानं आणि मोठे मेळावे छान असतात, पण त्यांतून मैत्री क्वचितच निघते.

हाताला काम असण्याला मी विशेष महत्त्व देतो, पुरुषांच्या बाबतीत तर फारच. समोरासमोर बसून मन मोकळं करणं अनेक पुरुषांना जमत नाही. शेजारी उभं राहून काही दुरुस्त करताना मात्र ते बोलू लागतात. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात 'मेन्स शेड' नावाची चळवळ सुरू झाली ती हेच ओळखून. पुरुषांनी एका कार्यशाळेत जमायचं, लाकूडकाम करायचं, मोडलेल्या वस्तू नीट करायच्या. पुढे ती इतर देशांतही पसरली. ज्यांना शिकण्याची हौस आहे त्यांच्यासाठी फ्रान्समधल्या तुलूझ इथे प्येर व्हेला यांनी १९७३ साली निवृत्तांचं विद्यापीठ सुरू केलं. आज अनेक देशांत असे गट आहेत. काही ठिकाणी विद्यापीठं ते चालवतात, काही ठिकाणी सभासदच एकमेकांना शिकवतात. ना परीक्षा, ना पदवी.

पहिल्या दिवशी काय करायचं ते बारकाईने सांगतो, कारण बहुतेक जण तिथूनच परत फिरतात. दहा मिनिटं आधी पोचा. सगळे जमल्यावर आत शिरलं तर घोळके आधीच झालेले असतात. आधी पोचलं की आलेल्या एक-दोघांशी सहज बोलणं होतं. जो खुर्च्या मांडतो आहे त्याला मदत करा. दाराच्या किंवा येण्या-जाण्याच्या वाटेजवळ बसा, कोपऱ्यात नको. एका माणसाचं नाव लक्षात ठेवा आणि घरी आल्यावर ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी नावाने हाक मारा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एखादी जबाबदारी मागून घ्या: हजेरी लिहिणं, दिवे बंद करणं, जे आले नाहीत त्यांना फोन करणं. काम हाती आलं की 'मी इथे कशाला?' हा प्रश्न मिटतो, आणि न येण्याची सबबही उरत नाही.

आणि सगळे मित्र आपल्याच वयाचे असावेत असा हट्ट नको. वयात अंतर असलेली मैत्री बहुतेक अगदी जवळ राहणाऱ्यांमध्ये जमते, असं नाहेमाउ आणि लॉटन या संशोधकांना १९७५ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. जिन्यात भेटणारी चाळिशीची शेजारीण, मोबाइलमधलं काही दाखवणारा शेजारचा मुलगा, यांच्याशी दोन मिनिटं थांबून बोला. सगळा गोतावळा ऐंशीच्या घरात असेल तर एका वाईट वर्षात तो निम्मा होतो.

चौथी पायरी: ओळख दाराबाहेर न्या

गटात छान बोलणारी माणसं गट सुटला की आपापल्या वाटेने जातात. वर्षानुवर्षं असंच चालतं. ओळखीची मैत्री व्हायची तर कुणीतरी एकाने ती त्या खोलीबाहेर न्यावी लागते. ते तुम्ही करा. छोटं निमंत्रण द्या, ज्याला नाही म्हणणंही सोपं जाईल: 'मी बसस्टॉपपर्यंत चालत जाणार आहे, येता का बरोबर?' नाही म्हणाले तर राग धरू नका. गुडघा दुखत असेल, घरी कुणी आजारी असेल. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा. तिसऱ्यांदाही नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाकडे वळा.

दुसरा उपाय म्हणजे लहानसं काम सांगणं. 'हा फॉर्म जरा बघता का, माझ्याकडून काही राहिलंय का?' माणसाला आपण उपयोगी पडलो की आपलेपणा वाटतो. मग त्यालाही तुम्हाला काही सांगणं सोपं जातं.

ज्या पुरुषांच्या घरात सगळी नाती पत्नीने सांभाळली, त्यांनी हे जाणूनबुजून शिकून घ्यावं. वाढदिवस कुणाचे, कोण आजारी आहे, कुणाला फोन करायचा, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. ती असतानाच ते एका वहीत उतरवा आणि ती वही दोघांची करा. ती गेली असेल तर तिच्या मैत्रिणींना स्वतः फोन करा. त्याही तिच्या आठवणीने व्याकूळ असतात, फक्त तुम्हाला फोन करावा की नाही हे त्यांना कळत नाही.

पाचवी पायरी: कान, डोळे, पाय

मैत्री का सुटली याची कारणं आपण स्वभावात शोधतो, आणि खरं कारण अनेकदा कानात असतं. वयाबरोबर ऐकू कमी येतं ते आधी बारीक, उंच पट्टीतल्या आवाजांचं. स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून 'बोलतात ते ऐकू येतं, पण कळत नाही' अशी अवस्था होते. चार जण एकदम बोलायला लागले की ती आणखी वाढते. मग माणूस अंदाजाने मान हलवतो, चुकीच्या जागी हसतो, कुणीतरी चमकून बघतं, आणि पुढच्या वेळी तो जायचंच टाळतो. घरचे म्हणतात, आताशा ते अबोल झाले आहेत.

कानाची तपासणी करून घ्या. श्रवणयंत्र सुचवलं तर लावा. पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा, कागदाचा आवाज नको नको होतो. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. कपाटात ठेवून दिलं तर ती सवय होतच नाही. रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्या, आणि नीट बसत नसेल तर परत जाऊन जुळवून घ्या. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके नोंदवले. त्यांत कमी ऐकू येणं, उपचार न केलेली अधू दृष्टी आणि माणसांपासून तुटणं ही तिन्ही आहेत. मित्रांना मोकळेपणी सांगून टाका: 'मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, मी या बाजूला बसतो. आणि बोलताना माझ्याकडे बघून बोल.' बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असेल अशी जागा धरा. मोठ्या घोळक्यापेक्षा दोघा-तिघांची भेट ठरवा.

पायांचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येणं फार मोलाचं आहे, कारण वाहनात चढणं, शौचालय वापरणं, कुणाच्या घरी जाऊन बसणं हे सगळं त्यावर अवलंबून असतं. डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि जमलं तर मित्राबरोबर करा, म्हणजे खाडे होत नाहीत.

सहावी पायरी: कामांचे तीन रकाने

आता दुसरा कागद. पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी १९६९ साली स्वतंत्र राहण्यासाठी लागणाऱ्या आठ कामांची एक यादी केली, आणि ती अजून वापरात आहे: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरची आवराआवर, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचे व्यवहार. या आठांपुढे तीन रकाने आखा. 'मी करतो', 'करता येईल पण कधी शिकलो नाही', 'आता मदत लागते'.

सगळं मर्म मधल्या रकान्यात आहे. चाळीस वर्षांच्या संसारात कामं वाटली जातात आणि वाटलेलं काम दुसऱ्याला येत नाही. वीजबिल भरणं, एटीएममधून पैसे काढणं, गॅस बदलणं, भात लावणं, वॉशिंग मशीनची बटणं. एक जण गेला की दुसरा एकदम अर्ध्या घरापुरता परावलंबी होतो, आणि त्यात वयाचा काही संबंध नसतो. मधल्या रकान्यातलं एक काम निवडा आणि या महिन्यात शिका. घरातल्या घाईच्या माणसाकडून शिकण्यापेक्षा मैत्रिणीकडून शिकणं सोपं जातं, कारण तिसऱ्यांदा विचारलं तरी ती वैतागत नाही. बदल्यात तिला तुम्हाला येणारं काही शिकवा. शिकताना पायऱ्या स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात वहीत लिहा. पुढच्या वेळी फोन न करता वही उघडा.

सातवी पायरी: मदत घ्या, पण वाटून घ्या

तिसऱ्या रकान्यातल्या कामांसाठी मदत मागताना ती नेमकी मागा. 'माझ्याकडे जरा लक्ष ठेवा' याने शेजारी धास्तावतो, कारण त्याला शेवट दिसत नाही. 'गुरुवारी दहा वाजता दवाखान्यात सोबत याल का? साडेबाराला परत येऊ' यात सुरुवातही आहे आणि शेवटही. एकाच माणसाला सगळं सांगू नका. जे काम नेहमीचं आणि जड आहे, उदाहरणार्थ रोजची साफसफाई, त्यासाठी परवडत असेल तर पैसे मोजून माणूस ठेवा. मैत्रीवर रोजचा बोजा टाकू नये. मित्राकडून सोबत घ्या, सल्ला घ्या, हसणं घ्या.

पहिल्या कागदावरच्या चौथ्या प्रश्नाची, म्हणजे दोन दिवस दिसलो नाही तर कुणाच्या लक्षात येईल याची, सोय आता करू. दोन मित्रांनी किंवा मैत्रिणींनी सकाळचा निरोप ठरवायचा. आठ वाजेपर्यंत एक शब्द पाठवायचा, 'उठले' एवढाच. नऊपर्यंत आला नाही तर दुसरीने फोन करायचा. फोन उचलला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा करायचा, आणि तोही उचलला नाही तर ज्याच्याकडे जादा किल्ली आहे त्या शेजाऱ्याला कळवायचं. किल्ली कुणाकडे, मुलांचे फोन नंबर, औषधांची नावं, डॉक्टरांचं नाव हे एका कागदावर लिहून तो दोघींकडे हवा. आतून कडी लावली तर बाहेरच्या किल्लीचा उपयोग होत नाही, म्हणून बाहेरूनही उघडेल असं कुलूप दाराला बसवा. बाहेरगावी जाताना सांगून जायचं, नाहीतर दोनदा खोटी धावपळ झाली की कुणी मनावर घेत नाही. कुलूप सोडलं तर या सगळ्याला पैसे लागत नाहीत. आणि मुलांची काळजी यामुळे जितकी कमी होते तितकी दुसऱ्या कशाने होत नाही.

मुलांशी बोलतानाही हेच कामी येतं. समजा मुलगी म्हणते, "आई, तू आता एकटीने प्रवास करू नकोस, मला फार काळजी वाटते." यावर "मला काही होत नाही" म्हटलं की वाद सुरू. त्यापेक्षा असं म्हणून बघा: "अगं, तुला नेमकी कशाची भीती वाटते? गाडीत चढताना पडेन याची, की काही झालं तर तुला कळणार नाही याची?" ती म्हणेल, "कळणार नाही याची." मग "गाडीत बसले की आणि पोचले की फोन करीन, आणि बरोबर माझी मैत्रीण आहे, तिचा नंबर घे" यावर बोलणं मिटतं. मुलांना तुमच्यावर हुकूमत गाजवायची नसते, त्यांना धीर हवा असतो. तो देण्याची व्यवस्था तुम्ही स्वतः मांडलीत तर निर्णय तुमच्या हातात राहतो.

पैसे आणि नवे 'मित्र'

इथे मी कठोरपणे सांगणार आहे. एकटेपणात गोड बोलणारं माणूस पटकन जवळचं वाटतं, आणि फसवणारे हे ओळखून असतात. फोनवर किंवा इंटरनेटवर ओळख झालेली, रोज तासन्‌तास बोलणारी, पण प्रत्यक्ष भेट सतत पुढे ढकलणारी व्यक्ती एके दिवशी अडचण सांगून पैसे मागते. मागितले की तिथेच थांबा आणि घरच्या किंवा जुन्या मित्राच्या कानावर घाला. ओटीपी, पिन, पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, मग तो बँकेचं नाव सांगो की पोलिसांचं. 'कुणाला सांगू नका' असं जो म्हणतो, त्याच्याबद्दल सगळ्यांना सांगा. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी किंवा पैसे देण्याआधी एक रात्र जाऊ द्या. खरा मित्र एका रात्रीने रागावत नाही. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. बँकेला आणि पोलिसांना लगेच कळवलं तर काही वेळा पैसे अडवता येतात.

खऱ्या मित्रांतही उधारी टाळावी. द्यायचेच झाले तर परत आले नाहीत तरी चालतील एवढेच द्या. जामीन राहू नका.

मित्र आजारी पडतात, जातात, विसरतात

या वयातल्या मैत्रीत हे येणारच, म्हणून त्याचीही रीत माहीत असावी.

मित्राच्या घरी दुःख झालं की 'काही लागलं तर कळव' म्हणून परतू नका. त्या अवस्थेत कुणी कळवत नाही. 'उद्या पाच वाजता येतो, तुझी पासबुकं घेऊन बँकेत जाऊन येऊ' असं सांगा. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला बिचकू नका. पंधरा दिवसांनी गर्दी ओसरते, तेव्हा आपली खरी गरज असते. महिन्याने आणि सहा महिन्यांनी फोन करायची आठवण आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मित्राला विसर पडायला लागला की बहुतेक जण जाणं बंद करतात, कारण काय बोलावं ते सुचत नाही. जात राहा. 'ओळखलंस का मला?' असं कधी विचारू नका, ती परीक्षा होते. आपणच नाव सांगून सुरुवात करा. एका वेळी एकच माणूस भेटायला जाईल असं बघा, टीव्ही बंद करायला सांगा, आणि सकाळची वेळ धरा. पुष्कळांची संध्याकाळ अस्वस्थ जाते. त्याने तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तर चुका न काढता ऐका. अलीकडचं पुसट झालं तरी तरुणपणीच्या आठवणी आणि गाणी बरीच शिल्लक असतात. ती काढा. जुने फोटो न्या, बरोबर चालायला जा, पूर्वी खेळत होतात तोच डाव नियम सैल करून खेळा. अर्धा तास पुरे होतो. जाताना, पुढच्या वेळी कधी येणार ते त्याला सांगा आणि त्याची काळजी घेणाऱ्यालाही सांगा. शक्य असेल तर त्या अर्ध्या तासात त्या काळजी घेणाऱ्या माणसाला बाहेर एक फेरी मारून येऊ द्या.